चाळीसच्या वर न जाणारी गाडी

स्टेडियममागच्या मोकळ्या मैदानावर सकाळी सात ते दहा एक पांढरी गाडी आठचा आकडा काढत फिरते. दोन्ही दारांना पोचे, मागचा दिवा चिकटपट्टीनं चिकटवलेला. तिच्यातून एका बाईचा आवाज मैदानाबाहेरच्या रस्त्यापर्यंत ऐकू येतो. "क्लच! अहो, क्लच दाबा! तो ब्रेक आहे, सासूची मान नाही!" ती क्लच. खरं नाव तिच्या लायसन्सवर आहे, ते कुणी वापरत नाही.

वय एक्केचाळीस. केस बारीक कापलेले, पायात कायम कॅनव्हासचे बूट. ती फक्त बायकांना शिकवते, आणि त्यातही ज्यांना घरातल्या कुणीतरी "तुला जमायचं नाही" असं सांगितलंय त्यांना. पहिल्या दिवशी ती प्रत्येकीला एकच नियम सांगते : "रडायचं असेल तर गाडी बाजूला घ्यायची, हँडब्रेक ओढायचा आणि मग रडायचं. चालत्या गाडीत रडायचं नाही." साठीच्या आजींपासून नुकत्याच कामाला लागलेल्या नर्सपर्यंत सगळ्या तिच्याकडे शिकल्या. त्या गाडी घेऊन बाजारात येतात, नीट पार्क करतात, आणि उतरल्यावर तिच्याबद्दल कुजबुजतात. "शिकवते छान हो, पण लहान वयातलं तिचं ते प्रकरण..."

ते प्रकरण तिचं नव्हतं, माझं होतं. हे मला तेवीस वर्षं माहीत आहे आणि तेवीस वर्षं मी मूग गिळून बसले होते. आता लिहितेय ते रागानं लिहितेय. राग कुणाकुणावर आहे ते पुढं येईलच, पण यादीत पहिलं नाव माझं आहे, हे आधी सांगून टाकते.

तिच्या वडिलांची गावात ड्रायव्हिंग स्कूल होती. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. बाजारपेठेत एक शटर, आत लाकडी टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता, आणि टेबलामागं काकू, म्हणजे क्लचची आई. फोन घेणं, नावं लिहून घेणं, घाबरलेल्या उमेदवाराला पाणी देणं, ही कामं काकूंची. मास्तर आणि दोन शिक्षक गाड्यांवर. क्लच बाराव्या वर्षी उशी घेऊन सीटवर बसायची, सोळाव्या वर्षी मागच्या सीटवरून शिक्षकांच्या चुका काढायची. शाळेत गणिताचे सर फळ्यावर मध्येच अडकले की ही शेवटच्या बाकावरून हळूच म्हणायची, "सर, क्लच." वर्ग हसायचा. नाव तिथून पडलं. मास्तर येईल त्याला सांगायचे, "माझ्यामागं ही स्कूल हिचीच. पाटीवर हिचं नाव घालायचं बाकी आहे." अठरा पूर्ण झाल्यावर एकतिसाव्या दिवशी तिनं लायसन्स काढलं, आणि त्या दिवशी मास्तरांनी गल्लीतल्या प्रत्येक दुकानदाराला ते दाखवून आणलं.

मी तिची मैत्रीण. मी म्हणजे गोगलगाय. वडील नव्हते. आई आणि मी मामाच्या घरी मागच्या खोलीत राहायचो. मामा बस डेपोत कंट्रोलर होता आणि घरातही कंट्रोलरच. कोण किती वाजता गेलं, किती वाजता आलं, कुणाशी बोललं. माझ्या कॉलेजचा खर्च तो करायचा आणि दर रविवारी त्याची आठवण करून द्यायचा. आई त्याच्यासमोर खुर्चीवर बसायची नाही. मी खाली मान घालून चालणारी, वेळेवर येणारी, म्हणून सगळ्यांनी मला चांगली मुलगी ठरवून टाकलं होतं. गोगलगाय नि पोटात पाय, ही म्हण माझ्यासारखीला बघूनच कुणीतरी काढली असणार.

तो मुलगा माझ्याच वर्गातला. त्याच्याबद्दल मी फार लिहिणार नाही. मला दिवस गेलेत असं त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बघ काय ते तू." चार शब्द. मग त्याला अचानक दुसऱ्या शहरातल्या कोर्सला प्रवेश मिळाला आणि तो गेला. आज तो एका शाळेच्या पालक समितीवर आहे आणि मुलींच्या गणवेशाच्या लांबीवर भाषणं देतो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

मी क्लचला सांगितलं कॉलेजच्या सायकल स्टँडवर. ती आधी मला घाबरट म्हणाली, मग गाढव म्हणाली, मग माझ्या सायकलची घंटी विनाकारण पाच-सहा वेळा वाजवली आणि म्हणाली, "किती दिवस झाले?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही गावातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "आईला घेऊन ये."

"मी अठरा वर्षांची आहे," मी म्हणाले.

"मग तर अक्कल असायला हवी होती. आईला आण, नाहीतर मामाला. मी ओळखते त्यांना."

अठरा वर्षांच्या बाईची स्वतःची सही चालते, हे त्या बाईंना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. माहीत असून त्यांनी सांगितलं नाही. आजही त्यांच्या दवाखान्यावरून जाताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

क्लचनं कुठूनतरी पत्ता काढला. दोनशे दहा किलोमीटरवर एका मोठ्या शहरात बायकांचा एक दवाखाना होता, तिथं स्वतःच्या सहीवर काम व्हायचं. नवीन पेशंट फक्त मंगळवारी, आणि तेही दुपारी एकच्या आत. फोनवर तिथल्या बाईनं दिवस मोजले आणि स्पष्ट सांगितलं : हा मंगळवार गेला तर पुढच्या मंगळवारी गोळ्यांवर भागणार नाही, ॲडमिट व्हावं लागेल, रात्रभर राहावं लागेल. आणि रात्रभर घराबाहेर राहायचं म्हणजे मामा. मामा म्हणजे मी आणि आई, दोघीही रस्त्यावर. म्हणजे एकच मंगळवार होता.

बसनं जायची सोय नव्हती. प्रत्येक कंडक्टर मामाच्या हाताखालचा. मी तिकीट काढायच्या आधी मामाला कळलं असतं.

"गाडी नेऊ," क्लच म्हणाली.

मंगळवारी मास्तर आणि दोन्ही शिक्षक उमेदवारांना घेऊन दिवसभर लायसन्सच्या ऑफिसात असायचे. एक जुनी गाडी मागच्या गल्लीत उभी असायची. डबल ब्रेकची, म्हणजे शेजारच्या सीटपुढंही ब्रेक आणि क्लचचे पेडल असलेली. टपावर स्कूलची पाटी, पुढं-मागं लाल एल. ती पाटी दिसू नये म्हणून आम्ही तिच्यावर उशीचा अभ्रा चढवला आणि सुतळीनं बांधला. आम्हाला वाटलं, झालं. दोन्ही दारांवर आणि डिकीवर फूटभर अक्षरांत स्कूलचं नाव आणि फोन नंबर रंगवलेला होता, तो आम्हाला दिसला नाही असं नाही. रोज बघून बघून तो आम्हाला दिसायचाच बंद झाला होता. अंगभर नाव गोंदवून घ्यायचं आणि वेषांतर म्हणून टोपी घालायची, असा आमचा शहाणपणा.

सकाळी साडेसहाला निघालो. गाव संपलं, हायवे लागला. क्लचनं चौथा गिअर टाकला आणि पाय दाबला. काटा चाळीसवर गेला आणि तिथंच थांबला.

"दाब ना," मी म्हणाले.

"दाबलाय. पार तळाला गेलाय."

तिनं गाडी बाजूला घेतली आणि खाली वाकून पेडलमागं हात घातला. वर आली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. "बाबांनी खाली बोल्ट वेल्ड केलाय. चाळीसच्या वर जाऊच नये म्हणून. मला पण सांगितलं नाही!" ती सहा वर्षं ही गाडी गावात चालवत होती. गावात चाळीसच्या वर जायची वेळ कधी आलीच नव्हती. दोनशे दहाला चाळीसनं भागा. तिनं बोटांवर भागलं, परत एकदा भागलं आणि म्हणाली, "थांबायचं नाही. तुला उलटी आली तरी खिडकीतून."

उलटी आली. खिडकीतूनच झाली, थेट फोन नंबरावर.

आम्हाला कोण कोण मागं टाकून गेलं ते सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. ट्रक, बस, विटांचा ट्रॅक्टर. एका उतारावर सायकलच्या शर्यतीचा सराव करणारी पोरं गेली, त्यातल्या एकानं जाताना आम्हाला अंगठा दाखवला. उशीचा अभ्रा सुटला आणि मागच्या दुधाच्या टँकरच्या काचेवर जाऊन चिकटला. आता हा माणूस आई-बहिणीवरून शिव्या देणार म्हणून आम्ही माना आत ओढल्या. त्यानं टँकर बरोबरीला आणला आणि क्लीनरनं अभ्रा खिडकीतून माझ्या हातात दिला. चाळीसच्या वेगाला ते सहज जमलं. "सावकाश शिका, ताई," तो म्हणाला.

मी हसत होते, आणि प्रत्येक ट्रकच्या हॉर्नला माझा पाय आपोआप माझ्यासमोरच्या ब्रेकवर जात होता. गाडी गचकन थांबायची. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा क्लच किंचाळली, "तुझं काय घोडं मारलंय गं मी? पाय मांडीवर घेऊन बस!" मग पुढचे दीडशे किलोमीटर मी सीटवर मांडी घालून बसले.

नऊच्या सुमारास ट्रॅफिक हवालदारानं अडवलं. स्कूलची गाडी शिक्षकाशिवाय बाहेर काढता येत नाही, हा नियम. त्यानं क्लचकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "शिक्षक कुठाय?"

"ह्या काय, माझ्या मॅडम," क्लच म्हणाली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

मॅडम सीटवर मांडी घालून बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर उशीचा अभ्रा होता. हवालदार वाकला. "मॅडम, वय काय तुमचं?"

माझी पाचावर धारण बसली. पण आत कुठंतरी, गेले दोन आठवडे जे साचलं होतं, ते सगळं त्याच क्षणी वर आलं. डॉक्टरीणबाईचा चष्मा, मामाचा रविवार, "बघ काय ते तू". मी क्लचवर ओरडले. "गाडी न्यूट्रलला कोण टाकणार? मी? किती वेळा सांगायचं? साहेब, ही तीन महिने झाले शिकतेय आणि अजून हिला क्लच कळत नाही! वर हिचा बाप मला विचारतो, पोरगी पास कधी होणार!"

हवालदार मागं सरकला. "चालू द्या, चालू द्या," तो म्हणाला. मग हळूच, "माझ्या मेव्हण्याला घ्याल का? फार मठ्ठ आहे."

"मंगळवार सोडून," मी म्हणाले.

पुढचे दहा किलोमीटर क्लचला हसू आवरत नव्हतं. डोळे पुसत ती म्हणाली, "बघ, येतं तुला ओरडायला. नेहमी ओरडत जा." तेवढं एक मी ऐकायला हवं होतं.

बारा पन्नासला आम्ही दवाखान्यासमोर पोचलो. जागा शोधायला वेळ नव्हता. क्लचनं गाडी जिथं थांबली तिथं सोडली आणि मला ओढत आत नेलं. आतल्या डॉक्टर पन्नाशीच्या होत्या. त्यांनी क्लचला बाहेर बसवलं आणि दार लावून मला विचारलं, "हे तुला स्वतःला हवंय ना? कुणी जबरदस्ती केलेली नाही ना?" दोन आठवड्यांत मला काय हवंय हे विचारणारी ती पहिली बाई. मी हो म्हणाले आणि ढसाढसा रडले. त्यांनी मला रडू दिलं, पाणी दिलं, सगळं नीट समजावलं, तपासलं. दीड तास मी तिथं होते. तो निर्णय चूक होता असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. माझी चूक त्यानंतर सुरू होते.

गाडी एका माणसाच्या फाटकासमोर उभी होती. त्यानं हॉर्न वाजवून पाहिला, आजूबाजूला विचारून पाहिलं, आणि मग समोरच रंगवलेला नंबर बघून फोन लावला. फोन काकूंनी घेतला. "तुमची गाडी बायकांच्या दवाखान्यासमोर माझ्या फाटकात उभी आहे. दोन पोरी आत गेल्यात. गाडी काढायला सांगा." त्यानं दवाखान्याचं नाव सांगितलं. ते नाव गावातल्या बायकांना माहीत होतं.

परत यायलाही तेवढेच तास लागले. गावात शिरलो तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते. शटरसमोर मास्तर उभे होते आणि पायरीवर काकू बसल्या होत्या. आम्ही उतरलो. मास्तरांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही.

"कोण आहे तो?"

हाच पहिला प्रश्न. कोण आजारी, काय झालं, कुणासाठी गेला होतात, काही नाही. नुसतं, कोण आहे तो. आणि तो त्यांनी मला विचारला नाही. माझ्याकडं कुणी पाहिलंसुद्धा नाही. मोठ्यानं बोलणारी, बूट घालणारी, मुलांशी भांडणारी तीच, म्हणजे तीच असणार. साप साप म्हणून भुई धोपटायची आपल्याकडं सवयच आहे.

क्लचनं माझ्याकडं पाहिलं. काही सांगत नव्हती, काही मागत नव्हती. नुसतं पाहिलं. मी बोलले असते तर पाच शब्दांत झालं असतं. मी माझ्या चपलांकडं पाहत राहिले. मग मी तिचा आवाज ऐकला. "सांगणार नाही," ती म्हणाली.

मास्तरांनी हात पुढं केला. तिनं किल्ली दिली. "लायसन्स." तिनं तेही दिलं. त्यांनी ते शर्टाच्या खिशात घातलं. "उद्यापासून गाडीला हात लावायचा नाही."

काकू उठल्या, आतून पाण्याचा ग्लास आणला आणि मला दिला. मला! माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "तू चांगल्या वळणाची पोर. तू तरी हिला समजवायचं होतंस गं." मी ते पाणी प्यायले आणि घरी गेले. मामानं घड्याळ पाहिलं. मी म्हणाले, "मैत्रिणीकडं अभ्यास करत होते."

पुढं काय झालं ते सरळ आहे. मास्तरांनी स्कूल पुतण्याच्या हाती दिली. त्याला गाडी मागं घेताना अजूनही कुणीतरी हात दाखवावा लागतो. क्लच एका गोदामात माल मोजायच्या कामाला लागली. तिच्याशी लग्न करायची इच्छा दोघांनी दाखवली, तर मास्तरांनी दोघांनाही समोर बसवून "सगळं खरं" सांगितलं, कारण मास्तर फार प्रामाणिक माणूस! त्यातला पहिला चहाही न घेता उठला. दुसरा म्हणाला, "माझी हरकत नाही, मी मोठ्या मनाचा आहे." त्याला क्लचनं स्वतः हाकलला. म्हणाली, "त्याचं एवढं मोठं मन ठेवायला माझ्या घरात जागा नाही." काकू तिच्याशी बोलायच्या, पण कामापुरतं. जेवून घे. दार लाव. गॅस संपत आलाय. तिच्या हातची गाडी पुढं पुष्कळ वर्षांनी गावानं स्वीकारली, काकू मात्र तिच्यात एकदाही बसल्या नाहीत.

मी सुरुवातीला विचारायचे, "सांगू का गं?" ती म्हणायची, "आधी परीक्षा दे." परीक्षा झाली. "नोकरी लागू दे, मामाच्या घरातून आईला बाहेर काढ." नोकरी लागली, पाणीपुरवठा ऑफिसात. आईला बाहेर काढलं. मग मीच विचारायचं बंद केलं. लग्नाआधी नवऱ्याला मात्र सगळं सांगितलं. म्हणजे बघा, जगात एका माणसाला सांगण्याइतकी हिंमत माझ्यात होती, आणि तीही जिथं माझा फायदा होता तिथंच वापरली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ती खात होती, आणि तोंड दाबणारा हात माझा होता.

तिनं पंधरा वर्षांपूर्वी लायसन्स पुन्हा काढलं, गोदामातलं काम सोडलं, जुनी गाडी घेतली आणि त्या मैदानावर उभी राहिली. स्कूलसाठी परवाना काढून घेतला. पाटीवर फक्त फोन नंबर, नाव नाही. माझी मुलगी आता सतरा वर्षांची आहे. ती तिला क्लच मावशी म्हणते आणि माझ्यापेक्षा जास्त ऐकते.

आता गेल्या महिन्याचं. स्कूलला पन्नास वर्षं झाली म्हणून पुतण्यानं हॉल घेतला. दोनशे खुर्च्या, फुलांचा स्टेज, ज्याच्या-त्याच्या हातात गुलाब. मास्तर आता अठ्ठ्याहत्तरचे, हातात काठी. क्लच शेवटच्या रांगेत बसली होती, बुटांसकट. मी तिसऱ्या रांगेत, एका बाजूला नवरा, एका बाजूला मुलगी. पुतण्याचं भाषण झालं, नगरसेवकाचं झालं, मग मास्तर माइकसमोर आले. जुने उमेदवार, जुन्या गाड्या, थोडं हसवलं. आणि मग म्हणाले :

"आयुष्यात एकच दुःख. माझ्या मुलीच्या हातून लहान वयात चूक झाली. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, लपवायचं काय? बाप म्हणजे शेजारच्या सीटवरचा ब्रेक. मी वेळेवर दाबू शकलो नाही. पण आज सगळ्यांसमोर सांगतो, मी तिला माफ केलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! शेजारच्या बाईनं डोळे टिपले. मी मागं वळून पाहिलं. क्लच समोर बघत होती, वर्गात बसल्यासारखी, हाताची घडी घालून.

मी उठले. कधी उठले ते मला कळलं नाही. "मास्तर," मी म्हणाले, "ती मी होते."

त्यांना ऐकू आलं नाही. पुतण्या म्हणाला, "ताई, बसा, प्रश्न नंतर." मग मी ओरडले. "ती मी होते! दवाखान्यात मी गेले होते! हिनं मला नेलं होतं फक्त! तुम्ही हिला एकदाही विचारलं नाहीत! माफ काय करताय? तिनं केलंय काय?"

मुलगी माझ्याकडं बघत होती आणि तिनं माझा हात सोडला नव्हता, एवढं मला आठवतं. मास्तर काठी धरून उभे राहिले, मग खुर्ची शोधायला मागं हात केला. पुतण्यानं माइक बंद केला. मला वाटलं, सुटलं. तेवीस वर्षांनी का होईना, तिच्या डोक्यावरचं ओझं मी उतरवलं. खरं सांगते, त्या क्षणी मला स्वतःचा थोडा अभिमानसुद्धा वाटला.

मागची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. क्लच बाहेर निघाली होती. मी रांगेतून वाट काढत तिच्यामागं पळाले. ती पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडत होती.

"थांब ना," मी म्हणाले. "मी सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं."

"ऐकलं."

"मग?"

तिनं दार परत लावलं. तेवीस वर्षांत ती माझ्यावर हजारदा ओरडली असेल, त्या दिवशी ओरडली नाही. "मग काय? तुला आता मोकळं वाटतंय ना? वाटू दे. मला बाबांचं काही नाही गं. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही, आमची फिटंफाट. गावाचं तर मुळीच नाही. तू आईला सांगायचं होतंस."

ती गाडीला टेकून उभी राहिली.

"सहा वर्षं झाली तिला जाऊन. हॉस्पिटलमध्ये अकरा दिवस होती. तू रोज यायचीस, तिचे पाय चेपायचीस, ती तुला पोरी पोरी करायची. नवव्या दिवशी तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, मी तुला माफ केलं. हेच वाक्य. तिला बरं वाटावं म्हणून मी हो म्हणाले." तिनं माझ्याकडं पाहिलं, शटरसमोर पाहिलं होतं तसं नाही. "तू होतीस ना तिथं? पलीकडच्या खुर्चीवर?"

मी होते. मी ऐकलं होतं. ऐकलं आणि उठून सगळ्यांसाठी चहा आणायला गेले होते.